लसणाचा रस आणि बरणीतील जंतू

गेल्या महिन्यात चाकणच्या बाजारातून आम्ही लसणाची गोणी आणविली. भोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले, तरी कांदा, बटाटा व लसूण यांसाठी या गावाचे नाव अद्याप घेतले जाते. घरात चातुर्मास पाळणारी मंडळी आहेत. पण बाकीच्यांसाठी सोललेला लसूण तेलात बुडवून बरणीत भरण्याचा बेत ठरला. आम्ही शंका काढताच काकू म्हणाल्या, "लसणाने जंतू मरतात ना? मग लसणातच ते कसे राहतील?"

प्रश्न बिनतोड वाटला. कच्च्या मांसावरील जंतू घेऊन प्रयोगशाळेत वनस्पतींच्या अर्कांची परीक्षा करतात. (मांसाचे नाव काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) आगारच्या थरावर जंतू पसरून अर्कात भिजविलेली कागदी टिकली ठेवितात, आणि तिच्याभोवती किती मिलिमीटर जागा निर्जंतुक राहिली ते मोजतात. लसणाभोवती असे वलय चांगलेच उमटते. याचे कारण जे ॲलिसिन, ते १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो व बेली यांनी वेगळे काढले. मात्र अखंड पाकळीत ते नसते. पाकळी ठेचली म्हणजे तयार होते आणि फार काळ टिकत नाही. पाकळी आधीच उकळली, तर ते घडविणारे विकरच निकामी होते.

आता बरणीकडे वळू. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलातल्या चिरलेल्या लसणाने ३६ जणांना बोटुलिझम झाला. या विकारात स्नायू लुळे पडतात व श्वासही बंद पडू शकतो. याच्या जंतूंचे चिवट बीजाणू मातीतून लसणावर येतात. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा जवळजवळ नाही, आणि बरणी शीतकपाटाबाहेर राहिली, की त्यांचे फावते. वासावरून वा चवीवरून ते कळेलच असे नाही. १९८९ साली न्यू यॉर्क राज्यात असाच प्रकार घडल्यावर अशा विक्रीच्या लसणात आम्ल घालणे अमेरिकेत सक्तीचे झाले.

येथे आम्हांस 'रसोन' या संस्कृत नावाची आठवण झाली. सहा रसांपैकी एक उणा म्हणून रसोन. आणि तो उणा रस म्हणजे आम्लच!

काकूंनी हे सारे ऐकून घेतले, बरणी रिकामी केली, आणि त्या लसणाची सुक्या खोबऱ्याबरोबर कोरडी चटणी कुटली. वसतिगृहात राहणाऱ्या नातवाच्या डब्यात यंदा तीच गेली.