चुंबकीय स्पंद आणि मेंदूचे उपचार

शाळेच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग करून दाखवितात. तांब्याच्या तारेचे वेटोळे गॅल्व्हानोमापीला जोडावयाचे आणि त्यात दंडचुंबक सरकवावयाचा. चुंबक आत-बाहेर हलत असतो तोवर मापीचा काटा हलतो. चुंबक स्थिर राहिला की काटा शून्यावर येतो. म्हणजे वीज उत्पन्न होते ती चुंबकाच्या नुसत्या सान्निध्याने नव्हे, तर चुंबकक्षेत्रात होणाऱ्या बदलाने. मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व आज मेंदूच्या काही विकारांवरील उपचाराचा पाया झाले आहे.

मेंदूतील मज्जापेशी परस्परांना जे संदेश धाडतात, ते त्यांच्या तंतूंतून विद्युत्-स्पंदांच्या रूपाने जातात. तेव्हा बाहेरून वीज देऊन ह्या पेशी उद्दीपित करता येतील, हे उघड आहे. मर्टन व मॉर्टन ह्या इंग्रज संशोधकांनी १९८० साली डोक्याच्या त्वचेवर विद्युदग्रे ठेवून तसे करूनही दाखविले. परंतु कवटीचे हाड विजेला मोठा विरोध करते. त्यामुळे विद्युद्दाब फार द्यावा लागतो, आणि बराचसा प्रवाह वरच्या त्वचेतच पसरून वेदना होतात. चुंबकक्षेत्राला मात्र हाडाची आडकाठी नसते. हे लक्षात घेऊन शेफील्ड येथील अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला. त्याबरोबर विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू हलले, आणि वेदना अशी झाली नाही.

ह्या यंत्रात धारित्रामध्ये साठविलेली वीज एकदम वेटोळ्यात सोडतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सुमारे १.५ ते २ टेस्लाचे क्षेत्र उत्पन्न होते व नाहीसे होते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या मानाने ते सुमारे ३०,००० पट आहे. ह्या झपाट्याच्या चढउतारामुळे वेटोळ्याखालील मेंदूत सौम्य प्रवाह उत्पन्न होतो. त्याचा परिणाम साधारणतः २ ते ३ सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो.

नैराश्याच्या रोगात वेटोळे बहुधा कपाळाच्या डाव्या भागावर ठेवतात. रूढ पद्धतीत सेकंदाला १० ह्या गतीने, पण मध्ये विश्रांती देत, सुमारे ३,००० स्पंद ३७.५ मिनिटांत देतात. आठवड्यातून ५ दिवस, चार ते सहा आठवडे. रुग्ण सर्व वेळ जागा असतो आणि भूल द्यावी लागत नाही. डोकेदुखी व त्वचेची टोचणी हे नेहमीचे त्रास होत. क्वचित् प्रसंगी फेपरे येऊ शकते. डोक्यात लोहयुक्त धातूचा तुकडा किंवा श्रवणयंत्र बसविलेले असल्यास हा उपचार करीत नाहीत.

पण गुण येतो तो स्पंदांनी, की रुग्णाच्या आशेने? हे ठरविण्यासाठी अमेरिकेत १९० रुग्णांवर परीक्षा घेण्यात आली. काहींना खरे स्पंद दिले, तर काहींना नुसताच तसा आवाज व टोचणी देणारे नकली वेटोळे लावले. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : खऱ्या उपचाराने शेकडा १४ रुग्ण लक्षणमुक्त झाले, नकलीने शेकडा ५. फरक खरा आहे, परंतु तो चमत्कार नव्हे. औषधांनी गुण न आलेल्या मनुष्यास मात्र एवढाही फरक मोलाचा वाटतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली नैराश्यासाठी अशा पहिल्या यंत्रास परवानगी दिली. त्यानंतर अर्धशिशी, मंत्रचळ आणि धूम्रपानाची सवय ह्यांसाठीही ठराविक यंत्रांना ती मिळाली. कॅनडातील ४१४ रुग्णांवरील परीक्षेत तीन मिनिटांची पद्धत जुन्या पद्धतीच्या तोडीची ठरली, आणि २०१८ साली तिलाही मान्यता मिळाली. एका यंत्रावर दिवसात अनेक रुग्णांस उपचार देणे त्यामुळे शक्य झाले. आज अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क, इस्राएल इत्यादी देशांतील कारखाने ही यंत्रे बनवितात. भारतातही बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत व अनेक खाजगी दवाखान्यांत ती वापरली जातात.

बाजारपेठ वाढली की जाहिरातही वाढते, आणि ज्या विकारांसाठी पुरेसा पुरावा नाही, त्यांसाठीही उपचार सुचविले जातात. अशा वेळी रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्या : ह्याच विकारावर खऱ्या-नकली उपचारांची तुलना झाली आहे काय? शंभरांत किती रुग्णांना गुण आला? आणि गुण न आल्यास पुढे काय करावयाचे?

ह्याच संदर्भात चुंबकीय कड्यांचा व पट्ट्यांचाही विचार करावा. त्यांतील चुंबक स्थिर असतो. त्याचे क्षेत्र बदलत नाही. म्हणून मेंदूवर धरलेल्या वेटोळ्याचे गुण अशा कड्यास चिकटविणे अशास्त्रीय होय. गॅल्व्हानोमापीचा स्थिर काटा ज्या विद्यार्थ्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.