ओम्नीला मोठी चाकं बसवताय? आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा

मच्छीमार बांधवांनो, बोटमालकांनो,

१ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी दुरुस्तीला पसरलेली, आणि वर्षभर मासळी वाहून दमलेल्या ओम्नी गॅरेजच्या दारात. दरवर्षी याच दिवसांत एक प्रश्न सोसायटीत हमखास येतो: जुन्या ओम्नीला तेरा इंची, मोठी चाकं बसवू का? यंदा तो जरा जास्तच जणांनी विचारलाय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

विचारणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. गाडी भरली की मागून बसते, जेटीच्या उतारावर आणि रापणीच्या वाळूत पोट घासतं, पावसाळ्यात खड्डा दिसत नाही. शिवाय बारा इंची चाकावर ओम्नी दिसते बारीकच. मोठी अलॉय चाकं लावली की रुबाब येतो, ते आम्हीही नाकारत नाही. पण ही गाडी मिरवायची नाही. पहाटे तीनला मासळी आणि बर्फ भरून मडगावला किंवा म्हापशाला, कधी चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारी गाडी आहे. मागे क्रेटांच्या शेजारी अनेकदा आपल्याच घरच्या बाया पाट्या घेऊन बसलेल्या असतात. म्हणून जरा हिशेब करू.

ओम्नीचं मूळ टायर १४५ आर १२ एलटी. टाटा एसलाही हेच माप येतं. यात १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १२ म्हणजे रिम किती इंची, आणि एलटी म्हणजे हे हलक्या मालवाहू गाडीचं टायर आहे, कारचं नाही. हे शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे, त्याकडे पुन्हा येऊ. या टायरची जमिनीपासून वरपर्यंतची उंची साधारण ५४ सेंटिमीटर भरते.

आता टायरवाला जे तेरा इंची माप सुचवतो ते बहुतेक वेळा १५५/८० आर १३ असतं. त्याची उंची जवळजवळ ५८ सेंटिमीटर. म्हणजे चार सेंटिमीटरचा फरक. यातले निम्मेच तुम्हाला मिळतात, कारण एक्सल चाकाच्या मधोमध असतो. गाडीचं पोट वर उचललं जातं फक्त दोन सेंटिमीटर. दोन बोटं म्हणा. एवढ्यासाठी किती खर्च आणि काय काय गमवायचं, ते पुढे बघा.

बोटवाल्यांना हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. इंजिन तेच ठेवून बोटीला मोठा पंखा लावला तर काय होतं? इंजिन कण्हतं, काळा धूर येतो, फेरे चढत नाहीत. मोठं चाक म्हणजे गाडीचा मोठा पंखा. चाक साडेसात टक्क्यांनी मोठं झालं की प्रत्येक गिअरमध्ये तेवढा जोर कमी पडतो. ओम्नीचं इंजिन फक्त ७९६ सीसी. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघितली तर फरक कळणारही नाही, आणि बसवणारा तुम्हाला तेवढीच चक्कर मारायला लावतो. भरलेली गाडी जेटीच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये उभी करा आणि मग सोडा. क्लच जळल्याचा वास येईल तेव्हा कळेल.

ब्रेकचंही तसंच, फक्त उलट बाजूने. ड्रम तेवढाच, लायनर तेवढाच, पण चाक मोठं. तेवढ्याच अंतरात थांबायला पॅडल साडेसात टक्के जास्त दाबावं लागतं. त्यात अलॉय किंवा लोखंडी रिम आधीच्यापेक्षा जड असलं तर आणखी. वीस वर्षं जुन्या गाडीचे ब्रेक मुळात कुठल्या अवस्थेत असतात ते आपल्याला माहीत आहे. घाट उतरताना साडेसात टक्के ही लहान गोष्ट राहत नाही.

काटाही खोटं बोलू लागतो. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६४-६५ने धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात: गाडी १०८ किलोमीटर गेली तर मीटरवर पडतात १००. म्हणून चाकं बदलल्यावर "अ‍ॅव्हरेज १४ वरून १३ वर आला" अशी तक्रार येते. त्यातला बराचसा भाग नुसता मोजमापाचा आहे, पेट्रोल तेवढंच जातंय. पण भाड्याने गाडी देणाऱ्याने लक्षात ठेवावं, किलोमीटरवर पैसे घेत असाल तर दर शंभराला सात-आठ किलोमीटर फुकट जातात.

इथपर्यंतचं बरेच जण ऐकतात आणि म्हणतात, मग तेरा इंची पण बुटकं टायर लावतो, १५५/६५. त्याची उंची ५३ सेंटिमीटर, म्हणजे मूळ टायरएवढीच. गिअर, ब्रेक, मीटर, सगळं जागेवर राहतं. हिशेब बरोबर आहे. आणि खरा धोका नेमका इथेच आहे.

टायरच्या कडेवर मापाच्या पुढे दोन आकडी संख्या आणि एक अक्षर असतं, जसं ७३ टी. ती संख्या म्हणजे एक टायर किती वजन पेलतं त्याचा कोड. ७३ म्हणजे ३६५ किलो. ७९ म्हणजे ४३७ किलो. ८६ म्हणजे ५३० किलो. १५५/६५ आर १३ या कारच्या टायरवर ७३ असतं. मूळ १४५ आर १२ एलटी आठ प्लायचं घेतलं तर त्यावर साधारणपणे ८६/८४ लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा एकेरी चाकाचा, आपल्या कामाचा तोच. दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी.

म्हणजे दिसायला मोठं, रुंद, चकचकीत टायर ३६५ किलो पेलतं, आणि ते बारीक दिसणारं बारा इंची ५३० किलो! मागच्या दोन चाकांचं मिळून ७३० आणि १०६०. एका क्रेटात मासळी आणि बर्फ धरून ३० किलो म्हटले तर १५ क्रेटांचे ४५० किलो झाले, बहुतेक सगळे मागच्या एक्सलवर. त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजन आलं, आणि बसलेली माणसं आली. ७३० संपायला वेळ लागत नाही.

अशा टायरला जास्त हवा भरून भागत नाही. एलटी टायरची बांधणीच जास्त दाबासाठी असते. कारच्या टायरला तेवढा दाब द्यायचा नसतो. कमाल किती ते त्याच्या कडेवर लिहिलेलं असतं. वजन जास्त झालं की टायरची बाजू सारखी दबते-फुगते, तापते, आणि एक दिवस फुटते. तो दिवस बहुतेक मे महिन्यातला, दुपारचा, हायवेवरचा असतो. बुटक्या टायरचं आणखी एक: खड्ड्यात आपटलं की रबर कमी असल्यामुळे मार सरळ रिमला बसतो.

तेरा इंचातही एलटी टायर मिळतात, आणि ते वजन चांगलं पेलतात. पण त्यांची उंची पुन्हा ५८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पंख्याचा घोळ परत आला. वजन सांभाळायला जावं तर जोर जातो, जोर सांभाळायला जावं तर वजन. बारा इंची ओम्नीला दोन्ही सांभाळणारं टायर आम्हाला एकच दिसतं, कंपनीने दिलेलं.

आपल्या गाडीचा खरा आकडा हवा असेल तर वजनकाट्यावर जा. नेहमीसारखी भरलेली गाडी घ्या, फक्त मागची चाकं काट्यावर चढवा, पावती घ्या. त्याचं अर्धं म्हणजे एका टायरवरचं वजन. मग पूर्ण गाडी चढवून आरसीतल्या भरलेल्या वजनाशी ताडून बघा. दोन पावत्यांचा खर्च एका क्रेटभर बांगड्यापेक्षा कमीच येईल.

ज्यांनी चाकं आधीच बदलली आहेत त्यांनी निदान एवढं बघावं. ओम्नीला चाकाला चार नट. चार नटांच्या गाड्यांत आपल्याकडे दोन मापं जास्त दिसतात, समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिलिमीटर किंवा ११४.३ मिलिमीटर. भोकं थोडी घासून, मोठी करून रिम बसवलेलं असेल तर ते आजच उतरवा. अलॉय रिमच्या नटाचं बूड वेगळ्या आकाराचं असू शकतं. जुने नट तसेच वापरले तर ते घट्ट वाटतात पण नीट बसत नाहीत. नट समोरासमोर आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत तपासायचे. चाक बाहेर काढायला मध्ये स्पेसर घातलेला असेल तर बेअरिंगवर उगाच ताण येतो. भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर आत कुठे घासतं का तेही बघा. मोकळ्या गाडीत ते घासणार नाही.

स्टेपनी विसरू नका. चारही चाकं तेरा इंची आणि स्टेपनी जुनी बारा इंची, असं आम्ही बऱ्याच गाड्यांत पाहतो. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. मागे एक चाक मोठं आणि एक लहान झालं की डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. गावात पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाणं ठीक, मडगावपर्यंत नाही.

अलॉयबद्दल बोटमालकांना आणखी एक गोष्ट लगेच पटेल. आपण बोटीच्या बुडाला जस्ताचे तुकडे का लावतो? दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, म्हणून. अलॉय चाक अ‍ॅल्युमिनियमचं, हब लोखंडाचा, आणि वरून मासळीचं खारं पाणी ठिबकतंय. वर्षभरात चाक हबला असं चिकटतं की पंक्चर झाल्यावर घणाने ठोकावं लागतं. अलॉय असेल तर चाक मधूनमधून काढा, हबच्या तोंडाला ग्रीसचा पातळ हात द्या, नटांच्या आट्यांना ग्रीस लावू नका. आणि अलॉय असो की लोखंडी, माल उतरवल्यावर चाकं आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा.

कागदांचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कडकपणेच लावलं. अपघातानंतर सर्व्हेअर टायरचं माप बघतो. ते जुळलं नाही तर दावा अडकू शकतो. धंद्याची गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी, तिथेही हा प्रश्न निघतो.

मग पोट घासतं त्याचं काय करायचं? बहुतेक जुन्या ओम्नी टायरमुळे खाली बसत नाहीत, मागचे पाटे थकलेले असतात म्हणून बसतात. गाडी मोकळी करून सपाट जागी उभी करा आणि मागून बघा. मोकळी असतानाही पाटे सरळ झालेले दिसले, किंवा एक बाजू खाली असली, तर पाटेवाल्याकडे जा. जुने पाटे बदलून किंवा गोलाई परत आणून दोन बोटं सहज मिळतात, कधी जास्तच. बुश आणि शॅकल त्याच वेळी बदलून घ्या, खाऱ्या पाण्याने ते आधी जातात. जादा पान घालायचा आग्रह काही जण धरतात. पान वाढवल्याने गाडी उंच राहते, पण एक्सल आणि टायर पेलतात तेवढंच पेलतात, हे समजून घालावं.

टायर घ्यायचेच असतील तर १४५ आर १२ एलटी, आठ प्लाय, चारही सारखे आणि स्टेपनीही तीच. सहा प्लाय थोडं स्वस्त मिळेल, पण त्यावरचा वजनाचा आकडा वाचून मगच घ्या. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर ते टायर पावसात चालवू नका. दुकानात बरीच वर्षं पडून राहिलेलं टायर नवं म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा कडेवरची चार आकड्यांची तारीख बघा. २३१९ लिहिलं असेल तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलंय.

आरसी, टायरच्या कडेचा फोटो आणि वजनकाट्याची पावती घेऊन सोसायटीत आलात तर हिशेब बसून करून देऊ. ३१ जुलैच्या आधी या, नंतर कुणालाच वेळ नसतो.