धरणामागून आलेला फोड

धरण झालं की पाणी येतं, पाण्यामागून पीक येतं. ट्युनिशियातल्या सिदी साद धरणामागून मात्र रोगही आला.

ट्युनिशिया हा उत्तर आफ्रिकेतला देश. मधल्या भागात जव, ऑलिव्ह आणि मेंढ्या. पाऊस बेताचा, आपल्या माण-खटावच्या शेतकऱ्याला परका वाटू नये असा मुलूख. १९६९ साली कैरुआन भागात महापुराने हाहाकार उडवला. त्यानंतर नदीला आवर घालण्यासाठी हे धरण बांधण्यात आलं. १९८२ च्या सुमारास धरणाजवळच्या गावांत लोकांच्या तोंडावर, हातापायांवर फोड उठू लागले. पुढे ही साथ सिदी बूझीद आणि गफ्सा भागातही पसरली.

फोड फारसा दुखत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. कडा उंच, मध्ये खळगा. काही महिन्यांनी तो बहुधा आपोआप भरतो, पण डाग जन्मभर राहतो. मुलीच्या गालावर असा डाग राहिला तर काय होतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

रोगाचं मूळ लीशमॅनिया नावाच्या सूक्ष्म परजीवीत आहे. तो राहतो वाळूउंदराच्या अंगात. आपल्या चाकवताच्या कुळातली खारट, रसदार झुडपं हेच या उंदराचं अन्न. धरणामुळे जमिनीत ओल वाढली, झुडपं माजली, उंदीर वाढले, असं जाणकार सांगतात. उंदराच्या बिळात गारवा आणि ओल असते. तिथेच वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय वाढते. ही माशी डासापेक्षा कितीतरी लहान, आवाज न करणारी. रात्री बाहेर पडते आणि उंदराला चावलेली मादी पुढे माणसाला चावते. रोग्याला शिवल्याने काही होत नाही.

मग उंदीर मारा, असं कुणीही म्हणेल. इराणमध्ये इस्फहान भागात गावापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतली बिळं उकरून झिंक फॉस्फाईडचे दाणे टाकले, आणि रोगी कमी झाले. पण तिथला उंदीर वेगळा, तो दाणे खातो. ट्युनिशियाचा वाळूउंदीर दाण्याला तोंडच लावत नाही! त्याच्यासाठी झुडपं काढून बिळांसकट जमीन खोल नांगरणं हाच इलाज. म्हणजे विषाची पुडी फोडण्याआधी उंदीर कोणता, हे बघावं लागतं.

महाराष्ट्रात उंदरापासून येणारा हा फोड नाही. राजस्थानात बिकानेरकडे तसा फोड आढळतो, पण तिथे तो मुख्यतः माणसाकडून माशीमार्फत माणसाकडे जातो. वाळूमाशी मात्र आपल्याही घरात आहे. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडलेला विषाणू तीच पसरवते. २००३ मध्ये आंध्र आणि विदर्भात या तापाने कित्येक लेकरं दगावली.

ग्रामसेवक आणि सरपंचांनी एवढं ध्यानात घ्यावं. माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत दडते. भेगा लिंपाव्यात, शेणाचा ढीग घरापासून लांब न्यावा, फवारणी झाली तर गोठा वगळू नये. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत शिरते, जाळी बारीक हवी. आणि डासांसाठी टाक्यांत गप्पी मासे सोडले म्हणून हिचं काही बिघडत नाही, कारण ती पाण्यात अंडी घालतच नाही.