एकाच्या तीन प्रती

शाळेचे निकालपत्रक, वर्षानुवर्षे जमवलेली प्रश्नपेढी, सहलीची छायाचित्रे: हे सारे आता घरच्या संगणकात असते. ते तेथे कितपत सुरक्षित आहे, हे समजण्यासाठी आधी ते कशावर लिहिलेले असते ते पाहू या.

हार्ड डिस्कमध्ये काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. घरगुती संगणकात या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे टोक त्यांना न टेकता, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून फिरते. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हे अंतर किती नाजूक आहे ते ध्यानात येईल. टोक तबकडीला घासले की तेथील माहिती गेलीच. नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवली जाते. पण बिघाड त्यांनाही चुकत नाही, आणि तो पुष्कळदा पूर्वसूचना न देता होतो.

यावर उपाय एकच, जास्तीच्या प्रती ठेवणे. याचे गणित सोपे आहे. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २० त १ आहे (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे). दोन डिस्कवर प्रती असतील तर त्या दोन्ही त्याच वर्षी बिघडण्याची शक्यता ४०० त १. तीन असतील तर ८००० त १. प्रत्येक वेळी खर्च वाढतो एका डिस्कचा, धोका मात्र विसाव्या हिश्श्यावर येतो.

मात्र हा गुणाकार केव्हा चालतो? घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. 'सी' आणि 'डी' हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात. तेथे गुणाकार लागूच होत नाही. दोन वेगळ्या डिस्क एकाच कपाटात ठेवल्या, तरी आग किंवा पूर त्यांना वेगळे मानत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात अनेक घरांत पाणी शिरले, तेव्हा कपाटातल्या वस्तू एकत्रच भिजल्या. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कचेही तसेच. संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पोहोचतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच विषाणूने अनेक देशांतील संगणक बंद पाडले होते.

म्हणूनच '३-२-१' हा नियम रूढ झाला आहे. माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील १ दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर (काम झाले की काढून ठेवावी) आणि तिसरी नातेवाइकांच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. इंटरनेटवरील साठवण केवळ संगणकाची नक्कल करत असेल, तर इथे पुसलेली फाईल तिथेही पुसली जाते, हे विसरू नये. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे ना, ते पाहावे.

प्रती काढण्याआधी फायली लावून घ्याव्यात. वर्ष, वर्ग, विषय असे कप्पे करावेत. फायलीच्या नावात तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. '२०२४-०६-१५' अशी नावे संगणक आपोआप कालक्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारी आणि जून एकमेकांत मिसळतात.

शेवटची गोष्ट पडताळणीची. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रतींची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघडकीस आले. गॅलिन सुसमन यांनी घरून काम करण्यासाठी आपल्या संगणकावर नेलेली प्रत होती, म्हणून बरेच काम वाचले. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

संभाव्यता शिकवताना हेच उदाहरण वर्गात घेता येईल. विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील प्रतींची यादी करायला सांगावी आणि प्रत्येक जोडीविषयी विचारावे: या दोन्ही एकाच कारणाने नष्ट होतील का? उत्तर 'हो' आले, तर ती एकच प्रत मोजावी.