लग्नाच्या जुन्या सीडीतले चेहरे टीव्हीवर पसरट का दिसतात? जाणून घ्या व्हिडिओच्या योग्य आकाराचे गणित

वाशिम : कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेली लग्नाची सीडी शोधून काढायची, शेजारच्या मुलाकडून ती पेनड्राइव्हवर करून घ्यायची आणि घरातल्या नव्या स्मार्ट टीव्हीला लावायची. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा... जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात हे दृश्य नवीन नाही. घरातले सगळे टीव्हीसमोर बसतात, सनई वाजते आणि पडद्यावर आजोबा येतात. पण चेहरा ओळखीचा वाटत नाही. गाल पसरलेले, खांदे रुंद, पागोटे चपटे. आजोबा आता हयात नसतील आणि त्यांचे चालते-बोलते चित्रण एवढे एकच असेल, तर ही चूक फक्त तांत्रिक राहत नाही.

अशा वेळी सीडी खराब झाली किंवा टीव्हीच बिघडला, असा समज होतो. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. चूक असते ती अ‍ॅस्पेक्ट रेशोची. ती रिमोटवरूनही सुधारता येते.

अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणजे काय?

चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण म्हणजे अ‍ॅस्पेक्ट रेशो. जुना डबा टीव्ही ४:३ प्रमाणाचा होता. रुंदी ४ भाग असेल, तर उंची ३ भाग. आजच्या एलईडी टीव्हीचे प्रमाण १६:९ आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, त्या काळातले लग्नाचे शूटिंग सहसा व्हीएचएस कॅसेटवर आणि ४:३ मध्येच होत असे. पुढे सीडीचा जमाना आला, तरी प्रमाण बराच काळ तेच राहिले.

सिनेमाचे मूळही तिथेच आहे. ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ जवळपास ४:३ चौकटीतला आहे. तो नव्या टीव्हीचा पडदा पूर्ण व्यापत असेल, तर चित्र एकतर ताणलेले असते किंवा वरून-खालून कापलेले.

मग १६:९ आले कुठून?

१९८०च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी हे प्रमाण सुचवले. एका टोकाला ४:३चा टीव्ही, दुसऱ्या टोकाला २.३५:१चा सिनेमास्कोप. दोन्ही प्रकारची चित्रे कमीत कमी काळ्या पट्ट्यांसह दाखवता येतील असा मधला आकार म्हणून १६:९ पुढे आले. म्हणजेच काळ्या पट्ट्या येणार, हे या पडद्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे.

कॉम्प्रेशनचा यात काय संबंध?

खरी गंमत इथे आहे. व्हिडिओ सीडीतल्या चित्रात ३५२ आडवे आणि २८८ उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. कॉम्प्रेस न करता हे चित्र साठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ कोटी बिट लागतात. सीडीवर ते सुमारे साडेअकरा लाख बिटांत बसवलेले असते, म्हणजे साधारण २५ पट दाबून.

आता ३५२ भागिले २८८ केले, तर उत्तर १.२२ येते. ४:३चे उत्तर मात्र १.३३ आहे. हा फरक का? कारण त्या काळच्या व्हिडिओतला पिक्सेल चौरस नसून किंचित आडवा धरलेला असतो. डीव्हीडीत तर ७२० बाय ५७६ एवढ्याच पिक्सेलमध्ये कधी ४:३चे, तर कधी १६:९चे चित्र साठवले जाते. दोन्हींतला फरक सांगते ती फाइलमधली एक छोटी नोंद : ‘हे चित्र या आकारात दाखवा’.

पार्सलवर पत्ता लिहावा, तशी ही नोंद. टीव्हीने ती वाचली, तर चित्र बरोबर दिसते. काही टीव्ही पेनड्राइव्हवरची फाइल चालवताना ती वाचत नाहीत. कधी फाइल दुसऱ्या प्रकारात बदलताना ती नोंदच गळून पडते. मग टीव्ही अंदाजाने चित्र दाखवतो आणि आजोबा पसरट होतात.

चेहरा पाहून चूक ओळखा

- माणसे रुंद आणि बुटकी दिसत असतील, तर ४:३चे चित्र १६:९मध्ये ताणले आहे. रुंदी एक तृतीयांशाने वाढलेली असते.
- माणसे खूप उंच आणि बारीक दिसत असतील, तर १६:९ डीव्हीडीची नोंद वाचली गेलेली नाही. रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली असते.
- चेहरे किंचितच उभट असतील, तर व्हिडिओ सीडीचे पिक्सेल चौरस धरले गेले आहेत. हा फरक सुमारे ८ टक्क्यांचा असतो आणि पटकन लक्षात येत नाही.
- नवरदेवाच्या मुंडावळ्या वरून कापल्या जात असतील, तर टीव्ही ‘झूम’वर आहे. ४:३चे चित्र झूम केल्यावर वरचा एक अष्टमांश आणि खालचा एक अष्टमांश भाग जातो.
- चारही बाजूंनी काळी चौकट असेल, तर रुंद चित्र आधी ४:३मध्ये बसवलेले आहे. ‘झूम’ वापरणे योग्य ठरते, ते इथेच.

खात्री करायची असेल, तर समोरून दिसणारे भिंतीवरचे घड्याळ व्हिडिओत शोधा. तिथे व्हिडिओ थांबवून टीव्हीवर टेपने त्याची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही मापे सारखी आली, तर आकार बरोबर आहे.

टीव्हीवर काय कराल?

सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइज’, ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ किंवा ‘वाइड मोड’ शोधा. कंपनीनुसार नाव बदलते. जुन्या व्हिडिओसाठी ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. सेटटॉप बॉक्समध्येही असेच वेगळे सेटिंग असते. टीव्हीवरच्या वाहिन्याच ताणलेल्या दिसत असतील, तर तेही तपासा.

पेनड्राइव्ह चालू असताना हा पर्याय बंद दिसला, तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी अ‍ॅप टाकता येते. त्यात अ‍ॅस्पेक्ट रेशो हाताने निवडता येतो. संगणकावरच्या व्हीएलसीत कीबोर्डवरचे ‘ए’ हे बटण दाबत गेले की आकार बदलत जातो.

आकार बरोबर झाला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. ३२ इंची टीव्हीवर प्रत्येक पट्टी सुमारे ९ सेंटीमीटरची असते. हा दोष नाही. तेवढ्या भागात कॅमेऱ्याने काही टिपलेलेच नाही.

मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओचेही तेच. ९:१६चे चित्र पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापते. घरचे कार्यक्रम पुढे टीव्हीवर पाहायचे असतील, तर मोबाइल आडवा धरून शूट करा.

फाइल करून घेताना ही काळजी घ्या

टीव्हीचे सेटिंग बदलले की काम भागते, पण ते त्या टीव्हीपुरतेच. नातेवाइकांना फाइल पाठवायची असेल, तर आकार फाइलमध्येच दुरुस्त हवा. त्यासाठी हा क्रम पाळा :

१. सीडीतल्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल किंवा डीव्हीडीतला पूर्ण ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसाच्या तसा संगणकावर उतरवा. हीच मूळ प्रत. तिला हात लावू नका.

२. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. ‘डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो’समोर काय लिहिले आहे, ते पाहा.

३. फक्त नोंद चुकली असेल, तर फाइल पुन्हा कॉम्प्रेस न करता ती बदलता येते. एफएफएमपेग या मोफत साधनात ही सोय आहे. चित्राचा दर्जा तसाच राहतो.

४. टीव्ही नोंद वाचतच नसेल, तर हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने चौरस पिक्सेलची नवी एमपी४ फाइल बनवा. व्हिडिओ सीडीसाठी ३८४ बाय २८८, ४:३ डीव्हीडीसाठी ७६८ बाय ५७६, १६:९ डीव्हीडीसाठी १०२४ बाय ५७६ हे आकार ठेवा.

कॉम्प्रेस केलेली फाइल पुन्हा कॉम्प्रेस केली की दर्जा थोडा आणखी घसरतो. त्यामुळे नवी फाइल नेहमी मूळ प्रतीवरूनच बनवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फाइलवरून नाही.

सीडी, कॅसेट लगेच फेकू नका

दुकानातून कॅसेट किंवा सीडीची फाइल करून घेणार असाल, तर काम देतानाच सांगा : ‘चित्र ताणू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या चालतील.’ पडदा भरलेला दिसावा म्हणून ४:३चे चित्र रुंद करून दिले, तर ते मागाहून पुन्हा आक्रसता येते. पण पडदा भरण्यासाठी वरचा-खालचा भाग कापला, तर तो त्या फाइलमधून परत येत नाही. मूळ सीडीही टाकून दिली असेल, तर तो कायमचा गेला.

म्हणून फाइल हातात आल्यावर आधी घरच्या टीव्हीवर लावा. घड्याळ गोल दिसते का, मुंडावळ्या पूर्ण दिसतात का, ते पाहा. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला समोर बसवून विचारा, चेहरे तेव्हा होते तसेच दिसतात का. त्यांचा होकार आल्याशिवाय जुनी सीडी कपाटातून हलवू नका.