सिंधूचे जाते आणि आमचे जाते

नालासोपाऱ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वाचन चालते. गेल्या पावसाळ्यात मी तिथे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ वाचून दाखवले. सिंधू जात्यावर दळायला बसते त्या प्रवेशाला माझा आवाज जड झाला. तेव्हा मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “दळते म्हणून एवढं रडायचं कशाला? आम्ही जन्मभर पहाटे दळलं आणि मग रोजावर गेलो.”

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर शोकांतिकेची साधने समजून घेतली पाहिजेत.

गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. त्यातले पहिले साधन प्रतीक. प्याला आरंभी मोह असतो, शेवटी तोच विषाचा होतो. ‘एकच’ हा साधा शब्द अंकागणिक अर्थ बदलत जातो. दुसरे साधन विरोध. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ आपल्याला पोट धरून हसवतात आणि त्या हसण्यातूनच विनाश आत शिरतो. तिसरे साधन उपरोध. सुधाकर वकील, कायदा जाणणारा. त्याच्याच हातून मूल मरते आणि त्याला वाचवण्यासाठी मरणारी सिंधू खोटे सांगते.

या सर्वांच्या मुळाशी आहे पतन. ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेचा नायक प्रतिष्ठित असावा आणि स्वतःच्या एखाद्या प्रमादाने तो खाली यावा. सुधाकर मानी आहे. कोर्टातला अपमान त्याला सोसत नाही, आणि तो प्याल्याकडे वळतो. सिंधूचे जाते हे या पतनाचे माप आहे. वकिलाची बायको दळते म्हणून प्रेक्षक रडतो. म्हणजे उंची आधी ठाऊक असेल तरच हे साधन काम करते.

बाईंचा प्रश्न नेमका इथे लागतो. ज्यांना वर चढूच दिले नाही ते पडणार कुठून? शिवाय सिंधूला दुसऱ्याचे दळण तरी मिळते. अस्पृश्यतेच्या काळात आमच्या आयाबायांनी दळलेले पीठ सवर्णांच्या घरी चालत नव्हते. जे प्रस्थापित नाटकात दुर्दशेची परिसीमा ठरते, तेही आम्हांला नाकारलेले होते.

म्हणून काही ही साधने टाकाऊ ठरत नाहीत. सिंधूचे दुःख खोटे नाही, आणि दारूने मोडलेली घरे आमच्याही वस्तीत आहेत. पण आमच्या शोकांतिकेत प्रमाद नायकाचा नसतो, व्यवस्थेचा असतो. प्रेमानंद गज्वी यांच्या एकांकिकेचे नाव ‘घोटभर पाणी’ आहे. गडकऱ्यांचा प्याला माणूस आपल्या हाताने उचलतो. पाण्याचा हा घोट मात्र दुसऱ्याने अडवलेला असतो आणि तो घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर चालत जावे लागते. प्रतीक दोन्हीकडे पेयाचेच, पण एकात दोष पिणाऱ्याचा आहे, दुसऱ्यात अडवणाऱ्याचा.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले की सिंधूसाठी ज्या ताकदीने लिहिले गेले, त्याच ताकदीने तुमचे जाते अजून लिहून व्हायचे आहे. त्या म्हणाल्या, “मग लिहा की.”