बटाट्याच्या पेशीतली वाटणी

परळ-भोईवाड्यातल्या माणसाला जीवशास्त्र भेटते ते बहुधा रुग्णालयाच्या वाटेने. केईएम आणि टाटा रुग्णालय जवळच. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, हे नावही आजारपणाच्या बोलण्यातच कानावर येते. पण भाजीवाल्याकडच्या बटाट्यातही त्याच तंतुकणिका आहेत. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. सायटोक्रोम-सी हे प्रथिन तंतुकणिकांतल्या श्वसनसाखळीचा एक दुवा आहे.

तंतुकणिका शून्यातून घडत नाहीत. आहे तीच दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. वनस्पतीच्या एका पेशीत त्या शेकड्यांनी असतात. पेशीचे विभाजन होताना दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला त्या पुरेशा यायला हव्यात.

हे दुभंगणे प्रथिने घडवून आणतात. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर त्याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मुख्य काम डीआरपी३ए आणि डीआरपी३बी या दोन प्रथिनांचे. एरवी ती पेशीद्रवात असतात. वेळ आली की तंतुकणिकेभोवती त्यांचे कडे तयार होते आणि जीटीपी या रेणूतली ऊर्जा वापरून, पोत्याचे तोंड सुतळीने आवळावे तसे ते आवळत जाते. डीआरपी३ए योग्य जागी पोचण्यासाठी ईएलएम१ हे प्रथिन लागते. जपानी संशोधकांनी ते २००८ मध्ये उजेडात आणले. ज्या रोपांत ते बिघडलेले असते, त्यांच्या तंतुकणिका दुभंगत नाहीत, लांबच लांब वाढतात.

आवळणाऱ्या प्रथिनांचे घराणे आपल्या शरीरातही आहे. माणसात हेच काम डीआरपी१ करते, आणि त्यातल्या बिघाडाने एक नवजात बाळ दगावल्याची नोंद २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली. ईएलएम१ मात्र वनस्पतींचे स्वतःचे. आवळण्याची रीत सामायिक, तिला जागेवर आणणारी व्यवस्था वेगळी.

तंतुकणिका दुभंगतात तशा पुन्हा जुळतातही. वनस्पतीच्या प्रत्येक तंतुकणिकेत डीएनएचा पूर्ण संच असतोच असे नाही, म्हणून जुळून देवाणघेवाण करणे त्यांना गरजेचे आहे. पाठ्यपुस्तकातला एकटा, स्थिर लंबगोल यातले काहीच सांगत नाही.

शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर शिक्षकांनी कांद्याच्या पापुद्र्यावर जेनस ग्रीन हे रंगद्रव्य टाकून मुलांना या कणिका प्रत्यक्ष दाखवाव्यात. ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे पाठ केलेले उत्तर त्यानंतर मुलांना पुरणार नाही, आणि तसेच व्हायला हवे.